डिफरन्शियल इनपुटची जोडणी: एडीएस१११५, लोड सेल आणि किनाऱ्यावरची खारी हवा

एडीएस१११५ (व्होल्टेज मोजून त्याचा आकडा देणारी चिप) आणला, लोड सेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) दोन तारा चिपच्या ए० आणि ए१ या पायांना लावल्या, लायब्ररीतलं डिफरन्शियल वाचणारं फंक्शन चालवलं आणि आकडा आला ३२७६७. वजन ठेवा, काढा, आकडा ढिम्म हलत नाही. किंवा हलतो, पण पंप चालू झाला की वेगळा, पावसाची सर आली की वेगळा. मग बहुतेक जण चिप बदलतात. नव्या चिपवरही तेच होतं, कारण घोळ चिपमध्ये नसून जोडणीच्या क्रमात असतो.

डिफरन्शियल इनपुट दोन तारांमधला फरक मोजतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. विसरली जाते ती दुसरी अट: त्या दोन्ही तारा, प्रत्येक तार स्वतंत्रपणे, चिपच्या ग्राउंड आणि सप्लाय यांच्या मध्येच असायला हवी. फरक केवळ ५ मिलिव्होल्ट असला, पण दोन्ही तारा १२ व्होल्टवर असल्या, तर चिप तो फरक मोजणार नाही, जळेल. खालचे टप्पे या अटीभोवतीच रचलेले आहेत, म्हणून क्रम मोडू नका.

उदाहरणाला मी बंदरावरची बर्फाची पेटी घेतली आहे. मिरकरवाडा असो की हर्णे, पेटीतला बर्फ किती उरला हे झाकण न उघडता कळलं तर उपयोगाचंच आहे. पेटीखाली ४० किलोचा एक लोड सेल, सोबत एडीएस१११५ आणि त्याचे आकडे वाचणारा ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. शेवटाकडे बोटीच्या बॅटरीवरच्या शंटबद्दलही (प्रवाह मोजण्यासाठी वाटेत घातलेला अगदी कमी रोधाचा तुकडा) लिहिलं आहे, कारण चिपा सगळ्यात जास्त तिथेच मरतात.

आधी एक सूचना. ही जोडणी स्वतःच्या माहितीसाठी आहे. मासळी तोलून विकायची असेल तर वैधमापन खात्याने पडताळून मुद्रांकित केलेला काटाच वापरावा लागतो. २००९ चा वैधमापन कायदा तसं सांगतो.

## तयारी

मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टीमीटर हवाच. त्याशिवाय हे काम सुरू करू नका. बाकी सामान साधं आहे: १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर, १ किलोओहमचे दोन, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन आणि १ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कॅपॅसिटर, शील्ड असलेली चार तारांची केबल आणि स्क्रूची टर्मिनल पट्टी. पट्टी गरजेपेक्षा एक-दोन घरं जास्त असलेली घ्या, त्याचं कारण पुढे येईल.

ब्रेडबोर्डवर लोड सेल तपासू नका. इथल्या हवेत ब्रेडबोर्डच्या पत्र्या लवकर काळवंडतात, आणि मायक्रोव्होल्टच्या मोजमापात तो ढिला, गंजका स्पर्श धरून चालत नाही. तारा पट्टीत आवळा, नाहीतर सरळ सोल्डर करा.

## टप्पा १: तीन आकडे कागदावर लिहा

तार हातात घेण्याआधी हे तीन आकडे काढा.

पहिला, फरक जास्तीत जास्त किती होईल. लोड सेलवर २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असं लिहिलेलं असतं. म्हणजे पूर्ण ४० किलो भार आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा असेल तर सिग्नल ६.६ मिलिव्होल्ट. तेवढाच.

दुसरा, दोन्ही तारांची ग्राउंडपासूनची पातळी. हाच कॉमन मोड व्होल्टेज. लोड सेलच्या आत चार रोधांचा पूल असतो आणि सिग्नलच्या दोन्ही तारा पुरवठ्याच्या मधोमध बसतात. ३.३ व्होल्टवर ही पातळी साधारण १.६५ व्होल्ट येते. ती ० ते ३.३ च्या आत आहे, म्हणजे चालेल.

तिसरा, फरकाचं चिन्ह बदलणार का. पेटीचं वजन उणे होत नाही, पण शंटमधला प्रवाह चार्जिंगच्या वेळी उलटा फिरतो. चिन्ह बदलत असेल तर प्रोग्राममध्ये अधिक आणि उणे दोन्ही आकड्यांचा विचार आत्ताच करून ठेवा.

तपासा: दुसरा आकडा माहीत नसेल तर पुढे जाऊ नका. मीटरची काळी तार चिपच्या ग्राउंडला आणि लाल तार आळीपाळीने दोन्ही सिग्नल तारांना लावून तो मोजता येतो. ही मोजणी सिग्नल चिपला जोडण्याआधी करायची.

## टप्पा २: लोड सेलच्या तारा मीटरने ओळखा

लाल म्हणजे अधिक पुरवठा, काळी म्हणजे उणे, हिरवी-पांढरी म्हणजे सिग्नल, हा रिवाज सर्रास आढळतो. पण सगळे उत्पादक तो पाळत नाहीत. रंगावर विसंबू नका.

लोड सेल कशालाही जोडलेला नसताना चार तारांच्या सहाही जोड्यांचा रोध मोजा. ३५० ओहमच्या पुलात चार जोड्या कमी रोध दाखवतात, साधारण २६० ते ३०० ओहम. दोन जोड्या जास्त दाखवतात. त्या दोन म्हणजे पुरवठ्याची जोडी आणि सिग्नलची जोडी. दोघींपैकी जिचा रोध आणखी थोडा जास्त, ४०० च्या आसपास, ती बहुधा पुरवठ्याची, कारण तापमानाचे भरपाई रोध त्याच वाटेत घातलेले असतात. ३५० च्या जवळची सिग्नलची.

सिग्नलमधली अधिक कोणती आणि उणे कोणती, याची आत्ता काळजी नको. वजन ठेवल्यावर आकडा उणे आला तर दोन तारांची अदलाबदल करायची, एवढंच. पुरवठा आणि सिग्नल यांची मात्र गल्लत नको. तशा जोडणीतही आकडा वजनाबरोबर हलतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण तापमानाची भरपाई बिघडते आणि सकाळचं शून्य दुपारी टिकत नाही.

## टप्पा ३: पुरवठा आणि ग्राउंड एकच ठेवा

चिपचा व्हीडीडी (पुरवठ्याचा पाय) आणि लोड सेलचा पुरवठा दोन्ही ३.३ व्होल्टवर घ्या. लोड सेलला ५ व्होल्ट दिले तर सिग्नल वाढेल हे खरं. पण मग पुरवठ्याचा व्होल्टेज त्याच चिपने मोजता येत नाही, आणि तो मोजणं पुढे आपल्याला लागणार आहे. शिवाय बाजारातल्या मॉड्यूलवर आयटूसीच्या (चिप आणि ईएसपी३२ यांच्यात आकडे नेणाऱ्या) तारा व्हीडीडीकडे खेचणारे रोध बसवलेले असतात. व्हीडीडी ५ केला की ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टच्या पायांवर ५ व्होल्ट चढतो.

लोड सेलचं उणे टोक, चिपचं ग्राउंड आणि ईएसपी३२ चं ग्राउंड एका बिंदूवर आणा. "डिफरन्शियल आहे, मग ग्राउंड कशाला?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. सेन्सर वेगळ्या अॅडॅप्टरवर आणि चिप वेगळ्या अॅडॅप्टरवर असली, मध्ये ग्राउंड जोडलेलं नसलं, तर सिग्नलच्या दोन्ही तारा चिपच्या दृष्टीने कुठेही तरंगत असतात. स्वस्त अॅडॅप्टरच्या गळतीमुळे त्यांच्यावर ५० हर्ट्झचे कित्येक व्होल्ट चढू शकतात. त्यात कोकणात जांभ्यातलं अर्थिंग मार्च-एप्रिलपासून कोरडं पडतं आणि त्याचा रोध वाढतो. घराच्या अर्थिंगच्या भरवशावर ही पातळी सोडू नका, तार टाकून पक्की करा.

इशारा: ±६.१४४ व्होल्टची रेंज (टप्पा ५ पाहा) निवडली म्हणून पायावर ६ व्होल्ट देता येत नाहीत, आणि उणे ६ तर नाहीच नाही. रेंज हे केवळ आकड्याचं माप आहे. पाय सहन करतो तो ग्राउंडच्या खाली ०.३ ते व्हीडीडीच्या वर ०.३ व्होल्ट एवढाच. ही झाली नुकसानीची हद्द. काम करायचं ते ० ते व्हीडीडीच्या आतच.

## टप्पा ४: जोडी निवडा

चार पायांतून हव्या त्या दोघांची जोडी लावता येत नाही. चिपमध्ये चारच डिफरन्शियल जोड्या आहेत:

- ए० उणे ए१ (बिट ०००)
- ए० उणे ए३ (बिट ००१)
- ए१ उणे ए३ (बिट ०१०)
- ए२ उणे ए३ (बिट ०११)

ए० उणे ए२ किंवा ए१ उणे ए२ अशी जोडी नाही. वायरिंग उरकल्यावर हे लक्षात आलं तर सगळं उकलावं लागतं, म्हणून आधी ठरवा.

आपल्या पेटीसाठी सिग्नल ए० आणि ए१ वर घ्या. ए२ आणि ए३ मोकळे सोडू नका, त्यांना लोड सेलच्या पुरवठ्याची दोन टोकं जोडा, अधिक ए२ ला आणि उणे ए३ ला. एडीएस१११५ मध्ये व्होल्टेजचा स्वतःचा अंतर्गत संदर्भ आहे आणि बाहेरचा संदर्भ देता येत नाही. त्यामुळे लोड सेलचा पुरवठा ३.३ वरून ३.२ झाला तर चिपला त्याची गंधवार्ता नसते, तिला वजनच ३ टक्के कमी वाटतं. पुरवठाही मोजून भागाकार केला की ही चूक निघून जाते.

एक प्रकार वारंवार दिसतो: सेन्सरची उणे तार मॉड्यूलजवळच ग्राउंडला टेकवायची, ए१ ही तिथेच जोडायचा आणि त्याला डिफरन्शियल म्हणायचं. लांब केबलच्या ग्राउंडमध्ये जो व्होल्टेज पडतो तो अशाने तसाच मोजणीत राहतो. ए१ ची तार सेन्सरच्या टोकापर्यंत स्वतंत्र गेली पाहिजे आणि ए० च्या तारेला पीळ देऊन गेली पाहिजे. तरच दोघींवर सारखा गोंगाट येतो आणि वजाबाकीत जातो.

## टप्पा ५: रेंज निवडा

रेंज आणि एका काउंटची, म्हणजे चिपने दिलेल्या आकड्यातल्या एका एककाची, किंमत अशी:

- ±६.१४४ व्होल्ट: १८७.५ मायक्रोव्होल्ट
- ±४.०९६ व्होल्ट: १२५ मायक्रोव्होल्ट
- ±२.०४८ व्होल्ट: ६२.५ मायक्रोव्होल्ट
- ±१.०२४ व्होल्ट: ३१.२५ मायक्रोव्होल्ट
- ±०.५१२ व्होल्ट: १५.६२५ मायक्रोव्होल्ट
- ±०.२५६ व्होल्ट: ७.८१२५ मायक्रोव्होल्ट

आपला सिग्नल ६.६ मिलिव्होल्ट, म्हणून सगळ्यात बारीक ±०.२५६. तरी पूर्ण ४० किलोला ८४५ काउंटच मिळतात, म्हणजे एक काउंट साधारण ४७ ग्रॅम. बर्फाच्या पेटीला हे भरपूर आहे. काजूगर तोलायला अजिबात नाही. ग्रॅमात मोजायचं असेल तर एचएक्स७११ घ्या. तो खास पुलाच्या सेन्सरसाठी बनवला आहे, त्याचा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) १२८ आहे आणि त्याचे इनपुटही डिफरन्शियलच आहेत. इथले बहुतेक टप्पे त्यालाही लागू पडतात.

पुरवठा मोजताना ए२ उणे ए३ साठी रेंज ±४.०९६ ठेवा. ३.३ व्होल्टला २६४०० काउंट आले पाहिजेत.

इशारा: चिप चालू होते तेव्हा तिची रेंज ±२.०४८ असते, पण एडाफ्रूट कंपनीच्या लायब्ररीत ती ±६.१४४ धरलेली असते. रेंज न सांगता लायब्ररी वापरली तर ६.६ मिलिव्होल्टला जेमतेम ३५ काउंट मिळतात, आणि "सेन्सर मेला" असा निष्कर्ष निघतो.

## टप्पा ६: कॉन्फिग रजिस्टर भरा

लायब्ररी वापरत असाल तरी हा टप्पा वाचा. चिपने काय आणि कसं मोजायचं ते या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या नोंदीत, लिहायचं असतं. १६ बिटांचं हे रजिस्टर डावीकडून असं लागतं: सुरू करण्याचा १ बिट, जोडीचे ३, रेंजचे ३, मोडचा १, वेगाचे ३ आणि कंपॅरेटरचे ५.

सिग्नलसाठी (ए० उणे ए१, ±०.२५६, एकेक मोजणी, सेकंदाला ८):

१ ०००  १०१  १  ००० ०००११

पुरवठ्यासाठी (ए२ उणे ए३, ±४.०९६, बाकी तेच):

१ ०११ ००१ १ ००० ०००११

शेवटचे दोन १ कंपॅरेटर (आकडा हद्दीबाहेर गेला की इशारा देणारा भाग) बंद ठेवतात. मोडचा बिट १ म्हणजे एक मोजणी करून थांबणे. दोन जोड्या आळीपाळीने वाचायच्या असतील तर मी सतत मोजणीचा मोड मुळीच सुचवणार नाही. त्यात जोडी बदलल्यावर लगेच वाचलेला आकडा मागच्या जोडीचा असू शकतो. वजन आणि पुरवठा यांची अशी सरमिसळ झाली की शोधून सापडत नाही.

क्रम असा ठेवा:

१. रजिस्टर लिहा.
२. सुरू करण्याचा बिट पुन्हा १ दिसेपर्यंत तोच बिट वाचत राहा. मोजणी चालू असताना तो ० असतो.
३. मगच निकालाचं रजिस्टर वाचा.
४. आलेले १६ बिट चिन्हासह धरा. बिनचिन्हाचा आकडा ३२७६७ पेक्षा मोठा असेल तर त्यातून ६५५३६ वजा करा.

दुसऱ्या पायरीऐवजी नुसतं १२५ मिलिसेकंद थांबणं पुरेसं नाही. चिपचं अंतर्गत घड्याळ १० टक्के मागेपुढे असू शकतं, म्हणजे एका मोजणीला १३९ मिलिसेकंदही लागू शकतात. चौथी पायरी चुकली तर रिकामी पेटी अचानक ६५५३० दाखवते. तो आकडा खरं तर उणे ६ आहे, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

आता भागाकार. समजा सिग्नलचे ४२२ काउंट आले: ४२२ गुणिले ७.८१२५ म्हणजे ३.२९७ मिलिव्होल्ट. पुरवठ्याचे २६४०० आले: ३.३ व्होल्ट. भागाकार ०.९९९ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. २ ला ४० किलो, तर ०.९९९ ला जवळजवळ २० किलो. यातून रिकाम्या पेटीचा आकडा वजा करायचा आणि एका माहीत वजनाने गुणक पक्का करायचा.

## टप्पा ७: सेन्सर लावण्याआधीच्या तीन चाचण्या

घाई इथेच होते. पंधरा मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

शून्य चाचणी. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर व्हीडीडी आणि ग्राउंडमध्ये एकापुढे एक जोडा. त्यांच्या मधल्या बिंदूला ए० आणि ए१ दोन्ही एकत्र जोडा. आकडा शून्याजवळ, काही काउंटच्या आत आणि स्थिर हवा. ए० आणि ए१ नुसते एकमेकांना जोडून हवेत सोडले तर ती चाचणी होत नाही, कारण मग कॉमन मोड कुठेही भटकतो.

कॉमन मोड चाचणी. ती जोडलेली टोकं आता ग्राउंडला लावा, मग व्हीडीडीला. आकडा एक-दोन काउंटपेक्षा जास्त सरकायला नको. जास्त सरकला तर बोर्डवर गळती आहे किंवा पाय आधीच दुखावलेला आहे. नवी चिप असेल तर फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) पुसून पुन्हा तपासा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

उलटापालट चाचणी. लोड सेल जोडा, ठरलेलं वजन ठेवा, आकडा लिहा. ए० आणि ए१ च्या तारांची अदलाबदल करून पुन्हा लिहा. दोन आकडे एकमेकांचे उणे असायला हवेत. समजा ४३० आणि उणे ४२४ आले, तर त्यांची बेरीज ६, तिचं निम्मं ३ काउंट हा मापनसाखळीचा स्वतःचा सरकाव. हा आकडा पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.

आणखी एक छोटी खात्री: येणारे सगळे आकडे १६ च्या पटीतच असतील तर तुमच्या हातात १२ बिटांचा एडीएस१०१५ आहे, वर काहीही छापलेलं असो.

## टप्पा ८: फिल्टर

सिग्नलच्या प्रत्येक तारेत १ किलोओहम. त्यानंतर प्रत्येक पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, आणि ए० ते ए१ मध्ये १ मायक्रोफॅरड. मधला कॅपॅसिटर बाजूच्या दोघांच्या दहापट ठेवायचा, याला कारण आहे. बाजूचे दोन कधीच तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यातल्या तफावतीमुळे दोन्ही तारांवर सारखा आलेला गोंगाटही फरकात उतरतो. मधला मोठा कॅपॅसिटर तो फरक दाबून टाकतो.

रोध १ किलोओहमपेक्षा वाढवू नका. ±०.२५६ रेंजला चिपचा दोन पायांमधला रोध सुमारे ७१० किलोओहम असतो. दोन किलोओहम मालिकेत आले की आकडा ०.२८ टक्के घटतो. गुणक काढताना ही घट भरून निघते. १०० किलोओहम टाकले तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सेकंदाला ८ मोजण्यांचा वेग वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झ बराच दाबतो, पण पूर्ण नाही: चिपचा फिल्टर ८ च्या पटीत, म्हणजे ४८ आणि ५६ वर पूर्ण बंद होतो, ५० वर नाही. उरलेला गोंगाट सरासरीने कमी करा. केबलची शील्ड चिपच्या बाजूला एकाच टोकाला ग्राउंड करा. ईएसपी३२ चा वायफाय प्रक्षेपण करत असताना मोजणी करू नका, तेव्हा ३.३ व्होल्टचा पुरवठा हलतो.

## टप्पा ९: खाऱ्या हवेचा बंदोबस्त

पुण्यात चालणारी जोडणी मालवणात आषाढात का चळते, ते एका हिशेबात दिसतं. टर्मिनल पट्टीवर पुरवठ्याच्या अधिक घराशेजारी सिग्नलचं घर आहे. दोन महिन्यांत त्यांच्यामध्ये मिठाची पातळ साय बसली आणि दमट हवेत तिचा रोध १ मेगाओहम झाला. मेगाओहम म्हटल्यावर दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण त्यातून १.६५ मायक्रोअँपिअर वाहतो, पुलाच्या १७५ ओहमवर तो ०.२९ मिलिव्होल्ट उभे करतो, आणि आपल्या मापात ते पावणेदोन किलो होतात. पेटीत बर्फ तेवढाच, आकडा मात्र वेगळा. ऊन पडलं, साय सुकली, की आकडा परत जागेवर. म्हणूनच हा दोष पकडायला जड जातो.

उपाय करायचे ते या क्रमाने:

१. पट्टीवर पुरवठा आणि सिग्नल यांच्यामध्ये एक घर रिकामं सोडा. जास्तीची घरं याचसाठी मागितली होती.
२. सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा. फ्लक्स राहिला तर तो ओल धरतो.
३. बोर्ड उबदार हवेत पूर्ण सुकवा. दमट दिवशी केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून चालतो.
४. मगच कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्ड झाकणारा पातळ संरक्षक लेप) मारा. टर्मिनल आणि कनेक्टर चिकटपट्टीने झाकून घ्या.
५. खोका आयपी६५ चा, केबलचे ग्लँड खालच्या बाजूला. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर वळवा, म्हणजे पागोळीचं पाणी झोळातून टपकेल, खोक्यात जाणार नाही.

इशारा: न सुकवता कोटिंग मारलं तर ओल आणि मीठ आत कोंडतं आणि दोष कायमचा होतो. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते खोक्यात वापरू नका, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागून घ्या.

विजांसाठी सोपा नियम: वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात, लांब उघडी केबल असेल तर गडगडाट सुरू होण्याआधी ती पट्टीतून सोडवा. आयटूसीच्या तारा तर वीतभरापेक्षा लांब नेऊच नका. लांब जायचं असेल तर चिप सेन्सरजवळ न्या.

## बोटीवरचा शंट: वेगळी काळजी

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ५० अँपिअर आणि ७५ मिलिव्होल्टचा शंट. ±०.२५६ रेंजला ९६०० काउंट, एक काउंट ५ मिलिअँपिअरच्या आसपास. कागदावर लोड सेलपेक्षा सोपं दिसतं.

शंट बॅटरीच्या अधिक बाजूला बसवला तर त्याची दोन्ही टोकं १२ व्होल्टच्या वर असतात. फरक ७५ मिलिव्होल्टच असला तरी थेट जोडता येणार नाही. मग व्होल्टेज विभागून द्यायची शक्कल निघते. दोन्ही टोकं पाचाने भागली तर सिग्नल १५ मिलिव्होल्ट उरतो. पण १ टक्क्याचे रेझिस्टर असतील तर दोन विभाजकांतल्या तफावतीनेच ७७ मिलिव्होल्टपर्यंत खोटा फरक उभा राहू शकतो. खरा सिग्नल त्याखाली बुडाला. अधिक बाजूलाच मोजायचं असेल तर त्यासाठी बनवलेली चिप घ्या: आयएनए२१९ पायांवर २६ व्होल्टपर्यंत चालते, आयएनए२२६ ३६ पर्यंत.

एडीएस१११५ च वापरायचा तर शंट उणे बाजूला. चिपचं ग्राउंड शंटच्या बॅटरीकडच्या टोकाला जोडा. ए१ ची तार त्याच टोकाला, ए० ची तार दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही तारा शंटच्या छोट्या स्क्रूंवरून घ्या, मोठ्या बोल्टवरून नाही. प्रवाह उलटला की ए० ग्राउंडच्या ७५ मिलिव्होल्ट खाली जातो. तो ०.३ च्या हद्दीत राहतो म्हणून चिपला इजा होत नाही, पण शिफारस केलेल्या क्षेत्राच्या किंचित बाहेर आहे, हे ध्यानात ठेवून माहीत प्रवाहावर दोन्ही दिशांनी पडताळा घ्या.

इशारा, आणि हा सगळ्यात गंभीर: चिपच्या ग्राउंडला इंजिनाच्या अंगापर्यंत दुसरी वाट मिळता कामा नये. जीपीएसच्या अँटेनाची शील्ड, यूएसबीवर जोडलेला आणि बोटीवरच चार्ज होणारा लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर, कशातूनही ती मिळते. मग शंटचा प्रवाह शंट सोडून त्या बारीक तारेतून जाऊ लागतो. आकडा कमी येणं ही त्यातली किरकोळ गोष्ट, स्टार्टर मारताना ती तार पेटू शकते. लॅपटॉप जोडायचा तर स्वतःच्या बॅटरीवर चालवा. शंटच्या दोन्ही सिग्नल तारांत शंटजवळच अर्धा अँपिअरचा फ्यूज घाला.

## लक्षणावरून दोष ओळखणे

आकडा ३२७६७ किंवा उणे ३२७६८ वर अडकला. फरक रेंजबाहेर आहे. मीटरने ए० ते ए१ मोजा. मीटरवर मिलिव्होल्टच दिसत असतील तर एक तार तुटलेली आहे किंवा पट्टीत नीट बसलेली नाही.

वजन ठेवलं तरी आकडा शून्याजवळच. लोड सेलला पुरवठा पोचतो का ते ए२ उणे ए३ च्या आकड्यावरून पाहा. तोही शून्य असेल तर केबल. तो बरोबर असेल तर रेंज किंवा जोडीचे बिट.

आकडा दर सेकंदाला मोठ्या झोक्यांनी हलतो. ग्राउंड जोडलेलं नाही, किंवा शील्ड दोन्ही टोकांना जोडली आहे.

सकाळी एक, दुपारी एक. पुरवठा आणि सिग्नलच्या तारांची गल्लत, नाहीतर भागाकार राहिला आहे. दोन्ही नीट असतील तर लोड सेलवर एका बाजूने ऊन येतंय का ते बघा.

फक्त पावसात बिघडतो. टप्पा ९. पट्टी अल्कोहोलने पुसून, सुकवून शून्य पुन्हा बघा. जागेवर आलं तर गळतीच होती.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि खोका दोन महिने मांगरात पडून राहतो. तेव्हा लोड सेल पट्टीतून सोडवून ठेवा, खोक्यात सिलिका जेलची ताजी पुडी टाका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टप्पा ७ च्या तिन्ही चाचण्या पुन्हा करा आणि उलटापालट चाचणीचा आकडा झाकणाच्या आत लिहिलेल्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. दोन-तीन काउंटचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर गुणकाला हात लावू नका, आधी पट्टी उघडा.